पिशवी

एल आल्तोच्या माथ्यावर, चार हजार मीटरांवर,
जिथे पाणी लवकर उकळतं आणि बटाटा तरी कच्चाच राहतो,
आरोग्यकेंद्रात प्लास्टिकचं मॉडेल यायचं होतं.
आलं नाही.
बासिलिया चोकेनं मग नवऱ्याचा लाल स्वेटर उसवला
आणि चार रात्रींत विणली एक पिशवी,
बाहुली मावेल एवढी.

"ही नवव्या महिन्यातली. निमुळतं टोक खाली.
हे तोंड, घट्ट विणलंय. घट्टच असतं.
वेळ झाली की आपसूक पातळ होतं, उघडतं.
आपण ओढाताण करायची नाही."

वरच्या दोन खांद्यांवरून दोन नळ्या,
टोकाला झालर,
शेजारी बदामाएवढे दोन बीजकोश, दोऱ्याने टांगलेले.

विल्फ्रेदो, अॅम्ब्युलन्सचा ड्रायव्हर,
अकरा बायकांत एकटा बाप्या, म्हणाला,
"बाई, इथे टाका सुटलाय.
नळी बीजकोशाला जोडलेलीच नाही."

"सुटलेला नाही. तिथे टाका नसतोच.
बी उघड्यावर पडतं,
झालर चाचपत येते, आत ओढून घेते.
कधी या अंगाची झालर त्या अंगाचं बी उचलते."

"आणि नाही सापडलं तर?"

"विरतं," ती म्हणाली, आणि सुई लोकरीत खोचली.

पुढच्या मंगळवारी त्याने निळं काहीतरी आणलं.
त्याच्या गावात टोप्या पुरुषच विणतात.
दोन गोट्या, बाहेर लोंबणाऱ्या.
"एवढ्या थंडीत बाहेर?" एउलोहियाने विचारलं.
"आत उकडतं त्यांना. थोडं गार लागतं."
गोटीमागे एक गुंता.
"हा खरा सहा मीटरचा, बोटभर जागेत कोंबलेला.
माझी लोकर संपली.
इथून वाट वर चढते, मूत्राशयाला वळसा घालते,
आणि परत खालीच येते.
ड्रायव्हर म्हणून सांगतो,
रस्ता आखणाऱ्याला घाई नव्हती."

त्या दिवशी वर्ग पहिल्यांदा हसला.

जूनमध्ये कुणीतरी लाल पिशवी
उकळत्या पाण्यात धुतली.
वाळली तेव्हा मुठीएवढी उरली होती,
जाड, घट्ट, बाहुलीचं डोकंही जाईना.
धुणारी रडायच्या बेतात.

बासिलियाने ती तळहातावर घेतली, दाबून पाहिली.
"बाळंतिणीचं पोट चोळता ना तुम्ही,
ते याचसाठी. सहा आठवड्यांत एवढी होते.
हा धडा मला विणता येत नव्हता."

मग थोड्या वेळाने, खिडकीकडे बघत:
"चाळिसाव्या वर्षी माझी पिशवी काढली.
मला दाखवलीसुद्धा नाही.
केवढी होती, ते मी अंदाजानेच विणलं."

नवीन मॉडेल अजून यायचंय.
लाल पिशवी फळ्याशेजारी खिळ्याला टांगलेली असते.
त्यात खडू ठेवतात.