आरसे घरून आणायचे होते

आरसे घरून आणायला सांगितले होते.
कुणी आईच्या पावडरच्या डबीतला आणला,
कुणी काकाच्या मोडक्या मोटारीचा उचकटून,
ओतियानं न्हाव्याकडून भाड्यानं; रोजचे तीन अक्रोड.

श्रोशाची माती लाल.
हमरस्त्याच्या कडेला रांजण मांडून बसणाऱ्या गावाची माती,
जानेवारीत इतकी गार की पहिला तासभर
मुलं नुसते हात चोळतात
आणि मी शेगडीत लाकडं सारते.

पहिल्या दिवशी बावीस डोकी झाली, सगळी एकसारखी.
बदामी डोळे, सरळ नाक, हसरी जिवणी.
नाकीडोळी नीटस, आणि कुणाचीच नाहीत.
आरसे उपडे करा, मी म्हटलं. डोळे मिटा.
अंगठा भुवईच्या हाडावर टेका
आणि निघा तिथून, अंधारात जिना उतरतात तसे.
"बाई, इथं खड्डा लागतोय," गोचा म्हणाला.
लागू दे. तुझाच आहे.

कानापाशी सगळे अडले.
स्वतःचा कान कुणी धड पाहिलेला नसतो.
मग मुलं एकमेकांचे कान धरून बसली,
वळवून, वाकवून, उजेडाकडे करून.
मुख्याध्यापक दारातून डोकावले
आणि शिक्षा चालू आहे असं समजून
समाधानानं निघून गेले.

त्सिरानं भुवईवरचा व्रण उजवीकडे काढला.
"डावीकडे आहे तो!" सगळे ओरडले.
तिनं तो बोटानं पुसला, डावीकडे पुन्हा कोरला,
जरा जास्तच खोल.
"इतका नाहीये गं."
"हातानं कळायला हवा," ती म्हणाली.

तिची आई इटलीत आहे, बारी नावाच्या गावात,
एका आंधळ्या म्हातारीला सांभाळते.
सात वर्षं लेकीला फोनच्या काचेत बघते.
व्रण त्यानंतरचा.
त्यावर तिचं बोट कधी फिरलेलं नाही.

मग डोकी पोकळ करायचा दिवस.
तारेनं टाळू कापायची, टोपीसारखी उचलायची,
आतली माती चमच्यानं खरवडून काढायची,
बोटभर जाडीची भिंत ठेवायची,
चिखल लावून टाळू परत बसवायची,
आणि मानेखाली भोक ठेवायचं, वाफेला वाट म्हणून.
"एवढं सगळं आत घातलं ते काढायला?" ओतिया म्हणाला.
माझ्यापाशी उत्तर होतं, भट्टीचं.
त्याला ते नको होतं. त्यानं डोकं भरलेलंच ठेवलं.
मी चिडले, मग गप्प बसले. त्याचं डोकं, त्याचा हट्ट;
बाकीच्यांपासून लांब, कोपऱ्यात लावलं.

वालिको आजोबांनी रात्रभर भट्टी जागवली.
मध्यरात्री आत एकदाच आवाज झाला,
दूर कुणी दार आपटावं तसा.
सकाळी ओतियाच्या डोक्याच्या खापऱ्या निघाल्या
आणि एक कान, अख्खा.
त्यानं तो फुंकून साफ केला, खिशात टाकला.
परवा गणिताच्या तासाला
बाकाखाली चाचपत होता म्हणे.

बाकीची डोकी शाबूत आहेत, फक्त लहान झाली आहेत.
माती आटते. दहातला एक भाग जातोच.
सगळी मुलं आपल्या धाकट्या भावंडांसारखी दिसत होती.

शनिवारी इटलीला जाणारी गाडी चौकात थांबते.
लोणच्याच्या बरण्या, चीज,
द्राक्षाच्या रसात बुडवलेल्या अक्रोडांच्या माळा,
आणि गोधडीत बांधलेलं त्सिराचं गाठोडं.
"यात काय आहे?" ड्रायव्हरनं विचारलं.
"मी," ती म्हणाली. "हळू न्या."
त्यानं गाठ सोडून पाहिलं,
एकदा आत, एकदा तिच्याकडे.
मग पुढच्या सीटवर ठेवून पट्टा लावला
आणि अर्ध्या तिकिटाचे पैसे मागितले.