आधी वीज

चाळीस हजार. त्यातले सहा आईच्या भिशीचे,
दिवाळीपर्यंत परत करायचे.
म्हणजे खरे चौतीस.
बाबा ज्या वहीत दुधाचा हिशेब ठेवतात
तिच्या मागच्या पानावर मी मांडला माझा :
प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम सोळा जीबी,
एसएसडी, जेवढी परवडेल तेवढी,
अन् ग्राफिक्स कार्ड, जागा उरली तर.
जागा उरत नव्हती.
एक आकडा ऐसपैस बसला की दुसरा अंग चोरायचा,
आमच्या दोन खोल्यांत उन्हाळ्याचे पाहुणे आल्यासारखा.

निनाद बोरकुटे म्हणाला, एसएमपीएस सस्ता टाक बे,
आतमदी कोन पाह्यते?
पैसा कार्डात वत. चित्र कार्ड काढते.
मला पटलं.
चित्रंच तर पाहायची होती.

बाबांनी चष्मा कपाळावर चढवून पान वाचलं.
एकतीस वर्षं कोराडीत, टर्बाइनच्या शेजारी.
घरातही ओरडूनच बोलतात.
"हे बाराशेवालं काय होय, सगळ्यात खाली?"
पॉवर सप्लाय, मी म्हणाले.
"म्हंजे सगळ्याइले वीज देनारं हेच?
अन् याचाच नंबर शेवटी?"
पुढे काही बोलले नाहीत. पेन मागितलं,
बाराशेवर काट मारली,
अन् तिथून एक बाण काढला
थेट पानाच्या वरपर्यंत.
त्या बाणात माझं नवं कोरं कार्ड गेलं.

बर्डीवर मे महिन्यातली दुपार,
रस्त्यावर फक्त आम्ही अन् रसवंतीचा घुंगरू.
हरेशभाईंच्या दुकानात वाळ्याचा गारवा.
प्रोसेसरसोबत डब्यातच कूलर येतो, पोरगा म्हणाला,
तेवढा पुरतो.
"नागपुरात?" बाबा म्हणाले.
सगळं दुकान हसलं, बाबा सोडून.
साडेआठशे अजून गेले.

आता उरलं जुनं कार्ड.
हरेशभाईंनी टेबलाखालून तीन काढली,
पुसलेली, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली.
माइनिंगचा माल आहे काका, पण साफ आहे.
"कोनत्या खानीतला? उमरेडच्या का वनीच्या?"
मी हळूच समजावलं :
रात्रंदिवस आकडे खोदायला लावतात यांना, बाबा,
सहा-सहा एका ओळीत, बंद खोलीत, सुट्टी नाही.
बाबांनी कार्ड हातात घेतलं
अन् पंख्याच्या पात्यावरून अंगठा फिरवला.
मग खिशातून पेचकस काढला.
चालू पंख्याच्या मागे टोक टेकवलं, मूठ कानाला,
डोळे मिटले.
हरेशभाईंनी मोबाइलवरची बोलणी थांबवली.
"बेअरिंग गेलं. दुसरं."
दुसऱ्यालाही नुसती मान हलवली.
तिसऱ्याला वेळ लागला.
"हे घे. थकलं आहे,
पन इमानदारीनं थकलं."

कॅबिनेटला पैसे उरले नाहीत.
गाडीवर मी मागे, मांडीवर खोके,
मानकापूरच्या सिग्नलला गरम वाऱ्याने डोळे झोंबले,
अन् मनात अजूनही ते नवं कार्ड,
निळ्या दिव्यांचं, पानावरून खोडलेलं.

रात्री मदरबोर्डला पाटावर बसवला, नवरदेवासारखा.
आईने विचारलं, याला कुंकू लावू का?
नको, शॉर्ट होईल.
कॅबिनेट नाही म्हणजे बटणही नाही.
दोन बारक्या पिना, त्यांवर बाबांचा तोच पेचकस टेकवायचा.
टेकवला.
काहीच नाही.
रॅम काढून पुन्हा दाबली, टक् असा आवाज येईपर्यंत,
पुन्हा टेकवला,
अन् तिन्ही पंखे एकदम उठले.

मी पडद्याकडे पाहत होते.
बाबा पडद्याकडे पाठ करून
स्टॅबिलायझरच्या काट्याकडे.
"दोनशे दहा. हलत नाही." अन् खाली बसले.

डोंगर आला, त्यावर बर्फ,
बर्फात माझी बाई धनुष्य घेऊन एकटी.
सेकंदाला सत्तेचाळीस चित्रं.
बाहेर त्या दिवशी सेहेचाळीस डिग्री होतं.
खिडकीतला कूलर पाणी संपल्यामुळे नुसताच घरघरत होता
अन् कोणी उठत नव्हतं.

बऱ्याच वेळाने बाबांनी मान वळवली.
पहिल्यांदाच हळू आवाजात विचारलं,
"हा बर्फ आपल्याच विजेवर पडून राह्यला न?"
हो, मी म्हणाले.
"मंग वाढव अजून थोडा."