मुका माज

कुरिअरचा डबा उघडला तेव्हा कोरडा बर्फ
धुरासारखा टेबलावरून खाली सांडला.
आत पेराएवढी कुपी, तळाला पांढरी पूड,
चिमूटभरही नाही,
डबी झटकल्यावर रांगोळी उरते तेवढी.

दहा मणी आहेत हे, एका धाग्यात.
दुसरा नि चौथा सख्खे,
सहावाच पुन्हा येऊन बसतो दहाव्या जागी,
मागं एक गाठ, सुटू नये म्हणून.
रक्तात फार जगत नाही.
मेंदूच्या तळाशी एक दार आहे, त्याची कडी वाजवतो
आणि विरून जातो.
बाकीचं दारामागचे बघतात.

याचं जनुक सापडलं चॉकलेटं करणाऱ्या दूरच्या एका गावात,
म्हणून चॉकलेटाचं नाव याला,
आणि चॉकलेटाला चुंबनाचं.
फॉर्म भरताना शिवलीला हिरेमठ हसली.
"आमच्यात मुत्तू. मोत्यालाही, पाप्यालाही."
मी म्हटलं, आमच्यात मुका.
घेतात तोही, आणि बोलत नाही तोही.

बेळगुंदीत भरमू बोकमूरकरच्या गोठ्यात दोन म्हशी,
हरणी, आणि तिची बहीण, बिननावाची.
"मुका माज हाय ह्यांचा, मॅडम.
वरडत न्हाईत, बळस टाकत न्हाईत,
रेडा हुंगतोय आन् फुडं जातोय."
एप्रिल. रताळ्यांची रिकामी पोती भिजवून
त्यानं दोघींच्या पाठीवर टाकलेली.

एकीला पूड, एकीला मिठाचं पाणी.
कुणाला काय, ते पाकिटात बंद.
मानेच्या शिरेत नळी,
आणि रात्री दहापासून दर पंधरा मिनिटांनी
पाच मिली रक्त, बर्फात, वर चिठ्ठी.
चिठ्ठ्या मी मराठीत लिहायची, शिवलीला कन्नडात,
घड्याळ एकच, भरमूच्या मनगटावरचं.
दोनच्या सुमाराला हरणी माझं कोपर चाटू लागली,
घामाच्या मिठासाठी. खरखरीत.
मी हात काढला नाही.

तीन वाजून बारा मिनिटांनी फोन.
सानिका. अकरा वर्षं, चार महिने.
"आई," म्हणाली, आणि गप्प.
मागे पंखा. कपाटाचं दार.
मी म्हटलं, वरच्या खणात, साड्यांच्या मागं.
म्हटलं, बाबांना उठव, नाहीतर नको उठवू,
तुला वाटेल तसं.
"हं."
मग बराच वेळ आम्ही दोघी
फोन कानाला लावून नुसत्या होतो.

तिला कुणी सुई टोचली नव्हती.
कडी कधी वाजली?
गणपत गल्लीत चपला घेताना
दोन नंबर वाढले म्हणून मी हसले, तेव्हा?
त्याच्याही आधी. सुरुवात रात्री होते, झोपेत,
हे मीच शिकवते, फळ्यावर बाण काढून.
पलीकडच्या खाटेवर मीही झोपलेली असणार.

सव्वातीनचा नमुना राहिला.
साडेतीनला शिवलीलानं नळी धरली.
"हुडुगी?" एवढंच.
मी मान हलवली.

पंधरवड्यानं आलेख आला. पाकीट फोडलं.
पूड हरणीला होती.
रेघ चढली होती झक्क,
गोठ्यातून वैजनाथाचा डोंगर दिसतो तशी.
पण माजावर आली ती बिननावाची,
मिठाच्या पाण्याची.
"अशी वरडली, मॅडम, गल्ली उठवली!"
भरमू फोनवर खूश. तिला आता नाव ठेवणार म्हणे.
हरणी गप्पच.
ते मी लिहिलं, जसंच्या तसं.

सरांनी तीन ते साडेतीन
तुटक रेघ ओढून टाकली होती, सरळ,
मध्ये काही घडलंच नाही अशी.
मी ती पुसली.