तिथं

घाई होती. दुसरी पाळी, उद्यमबागची बस,
आणि खडेबाजारातनं घासाघीस करून आणलेल्या
नव्या पँटची चेन.
एक झटका. बस्स.
ओरडलो नाही. ओरडलो असतो तर शेवंता आली असती,
आली असती तर सांगावं लागलं असतं.

आमच्या इथं नावांवरनं काय काय झालंय.
पाट्या लागल्या, पाट्यांवर डांबर आलं,
एका अक्षरापायी मी स्वतः
दोन तास चौकीत बसून आलोय.
पण ह्या एवढ्याशा जागेला
दोन्ही भाषांत मिळून
मेडिकलच्या काउंटरवर उच्चारता येईल असा
एक शब्द नाही.
शिव्यांत आहेत. ढीगभर आहेत.

मग काय, डेटॉल ओतलं. बिनपाण्याचं.
सव्वीस वर्षं भट्टीवर आहे मी,
वितळलेलं लोखंड बुटात शिरलंय माझ्या,
पण असलं काही नाही बघितलं.
त्यावर हळद.
त्यावर मोरीत वाकून फुंकर घालायची धडपड,
जी, करून बघा, कुणाला जमत नाही.

चार दिवस फाकून चाललो.
मोल्डिंगचा भरमाण्णा म्हणाला,
"काय रं, घोड्यावरनं आलास?"
सगळी हसली. मीपण.

पाचव्या दिवशी अनगोळच्या नाक्यावर, डॉक्टर हुक्केरीमठ.
"एनागेती?"
"तिथं," मी म्हणालो.
"अल्ली?"
"हां. अल्ली."
एवढ्यावर सीमाप्रश्न मिटला.
"नाचिकी ब्याडरी," म्हणत त्यानं हात धुतले,
मोजे चढवले, दिवा ओढला,
आणि मी कास्टिंग बघतो तसं बघितलं:
तडा कुठाय, किती खोल,
माल चालेल की भंगारात.

"चालतंय," म्हणाला. "वरवरचं आहे.
डेटॉल फरशीला. हळद आमटीला.
इथं नुसतं कोमट पाणी, रोज, हलक्या हातानं.
मऊ फडक्यानं टिपायचं, घासायचं नाही.
वर बोटभर व्हॅसलीन. चड्डी सुती, सैल.
सूज चढली, पू आला, ताप आला,
लघवी अडली, तर त्याच रात्री यायचं,
बसची वाट बघायची नाही.
आणि चेन परत अडकली तर ओढू नका,
खालनं कात्रीनं कापायची. पँट मोठी की..."
वाक्य तिथंच राहिलं.
त्याच्याकडंही शब्द नव्हता.

"आणि भरून येईस्तोवर घरात..."
म्हणून तो कॅलेंडरकडं बघत बसला.
"कळलं," मी म्हणालो.

मग चष्मा वर केला त्यानं.
"ह्या चेनच्या नव्हेत."
पुढच्या कातडीवर बारीक चिरा. उभ्या.
दिवाळीपासनं येतात, जातात.
मला वाटलं, थंडी.
"कुंदा खाताय?"
बेळगावात राहून हा काय प्रश्न झाला?
बोटाला सुई टोचली. एक थेंब.
दोनशे शहाऐंशी.
भट्टीचं तापमान सांगावं तसं त्यानं सांगितलं,
आणि खुर्ची माझ्याकडं सरकवली.

घरी आलो तर शेवंता दारात.
"साखर निघाली," म्हणालो. अर्धं खरं.
ती आत गेली, जुन्या लुगड्याची फडकी घेऊन आली,
धुतलेली, उकळलेली, चौकोनी घडी घातलेली.
"चार दिवस मोरीत फुंकूलालासा,
मला काय कळत नव्हतं?"
कुठं लावायचं, विचारलं नाही तिनं.

रात्री शिलाईचा डबा काढला.
नव्या पँटची चेन दातांसकट उसवून टाकली,
आणि बटणं लावत बसली. चार.
एक माझ्या शर्टाचं, दोन कुणाच्या कोटाची,
एक लाल.