तीन ते चार, फक्त महिला

तलावावरून टिळे सरांचा फोन आला.
"मॅडम, सोमवारपासून उघडतोय.
एका लेनमध्ये दोघीच. शॉवर बंद.
दोन डोसचं सर्टिफिकेट आणा.
पास जुनाच चालेल,
बुडालेले महिने पुढे धरू."

बुडालेले महिने पुढे धरू.
हे वाक्य मी भाकरी थापताना
दोनदा म्हणून पाहिलं.

नाशिकरोडला, नोटांच्या प्रेसमध्ये
एकतीस वर्षं तपासणीला होते मी.
शंभरात एक खराब निघाली तरी
बोटाला कळायची.
म्हणून कॅलेंडरच्या पाठीवर
पेन्सिलने हिशोब मांडला.

डावीकडे गुडघे.
जिना उतरताना हल्ली कठड्याला विचारते.
पाण्यात तुम्ही भाजीच्या पिशवीएवढ्या,
असं डॉक्टर म्हणाले होते, सोडू नका.

उजवीकडे हे.
ह्यांचा दमा, ह्यांचा पंप,
उशाशी ऑक्सिमीटरची ती चिमटी.
त्र्याण्णव दिसलं की मी बोट पुसून
पुन्हा लावते,
जणू चूक बोटाची.

मधे रेघ.
बेरीज होत नाही.

क्लोरीनमध्ये काही टिकत नाही आई,
लेक सांगते बंगळूरहून.
नसेल टिकत.
पण पाण्यात कोण बोलतं गं?
बोलतो आम्ही काठावर,
धापा टाकत, डोकी जवळ आणून.
मंदाकिनी खैरनार टोपी ओढून काढता काढता
सुनेच्या वरणाची नक्कल करणार,
हो, वरणाची, ते कसं ताटात पळतं त्याची,
आणि आम्ही सात जणी हसणार
घसे मोकळे सोडून.
माझं पोहणं निम्मं तेवढंच होतं.

मंदाकिनी एका दमात
पंचवीस मीटर जायची,
तळाच्या काळ्या रेघेवरून, मान न उचलता.
ह्यांना दमा, तिला दम,
असं मीच म्हणायचे.
एप्रिलात तिच्या मुलाने
सिडकोपासून आडगावपर्यंत
सिलिंडरसाठी फोन लावले.
त्यातला एक मला होता.
माझ्याकडे काय असणार?

शनिवारी स्कूटी काढली,
त्र्यंबक नाक्यावरून गेले नुसती बघायला.
टिळे सर जाळीने पानं काढत होते.
"दीड वर्षं बेडकांची बॅच होती मॅडम,
शेवटचा काल काढला."
पाणी इतकं निळं
की कुणाचंच नसावं.
मास्कमधून वास आला,
तोच, नाकात बोट घालून जागं करणारा.
चौथ्या लेनकडे मी पाहिलं नाही.
पाहिलं.

मला पोहायला बाबांनी शिकवलं, गोदावरीत,
पाठीला वाळका भोपळा बांधून.
घाबरू नको असं ते म्हणाले नाहीत.
म्हणाले, तोंड मिट आणि ये.

ह्यांना विचारलं.
"जा की," म्हणाले, "मी मागच्या खोलीत झोपेन."
आणि खोकले.
मग म्हणाले, "हा खोकला त्यातला नाही."
जरा वेळाने कॅलेंडर उलटून पाहिलं
तर माझ्या रेघेखाली, ह्यांच्या अक्षरात:
दूध एकतीस लिटर, एक दिवस खाडा.

आज रविवार.
कॉस्च्यूम बादलीत भिजवलाय,
इलॅस्टिकमध्ये जीव आहे का बघायला.
आहे थोडा.
मोरीचं दार लावून घेतलं,
दुसरी बादली काठोकाठ भरली,
चष्मा काढून ठेवला साबणाशेजारी
आणि तोंड बुडवलं.

सात. आठ. नऊ.
कानात ते जुनं, जाड शांतपण.
बावीस.
एकतीसला बाहेर ते खोकले.
पाण्याखालूनही कळतं
कुठल्या खोलीत, कुठल्या कुशीवर.
बत्तीस,
तेहतीस,
मान अजून उचललेली नाही.