बासष्ट

हर्णैच्या सोसायटीत एकच मशीन.
बर्फाच्या कारखान्याला लागून खोली, म्हणून एक भिंत कायम गार.
त्यावर त्रेचाळीस होड्यांची त्रेचाळीस खाती,
लिलावातल्या बायकांची सात,
आणि एक चेअरमनचं,
ज्याचा पासवर्ड नातवाचं नाव आहे हे बंदरातल्या मांजरांनाही ठाऊक.

रात्री सव्वादोनला, मी पाजपंढरीत झोपलेली असताना,
ते आपलं आपण उठतं.
जुन्या नोंदी गाठोड्यात बांधतं,
कुणी जास्त जागा अडवलीय बघतं
(इब्राहिम सोलकर, नेहमीच, लग्नांचे व्हिडिओ),
कोण किती दिवस फिरकलं नाही ते मोजतं,
आणि मला पत्र टाकतं: काम झालं. चूक शून्य.
अशी हजारभर पत्रं मी उघडली नाहीत.

हे सगळं मुश्ताक तबीबने लिहिलं नि तो कुवेतला गेला.
जाताना पंख्याला कुठे थाप मारायची ते दाखवलं.
या कामाबद्दल एवढंच म्हणाला,
"चालतंय ना? मग हात लावू नको."

मी हात लावला.

मे संपत आलेला, हिशेब मिटलेले.
एका ओळीत दिसलं:
बासष्टहून अधिक दिवस न आलेल्याचं खातं बंद.
बासष्ट! हा काय आकडा झाला?
साठ कसं गोल, ऑडिटला दाखवण्याजोगं.
दोन पुसला, शून्य ठेवलं,
त्याच फडक्याने टेबलही पुसून घेतलं.

एकतीस मेला सगळ्यांनी शेवटची डिझेलची पावती काढली.
मग होड्या वर ओढल्या, झापांनी शाकारल्या.
पडव्यांमध्ये जाळी तुणत बसलेल्यांना
मशीनकडे यायचं कारण नव्हतं.

एक ऑगस्ट. पहाटे चारला रांग.
यशवंत पावशेनं एका बोटानं नाव टाइप केलं,
पुन्हा केलं,
मग माझ्याकडे बघून हळूच,
"काय गो बाय, ह्यो माझा नाव इसरला?"

पायरीवर रिकामे कॅन, टेम्पोत बर्फ पाझरतोय.
कुणी ओरडलं नाही, तेच वाईट.
एकेक खातं हातानं उघडत गेले.
पाणी माझ्यासाठी थांबणार नव्हतं;
शेवटच्या नऊ होड्या ओहोटीत चिखलावर बसल्या.

दुपारी आदल्या पहाटेचं पत्र उघडलं.
पन्नास खाती बंद केली. चूक शून्य.
चेअरमनचं तेवढं वाचलेलं,
ते पावसाळाभर पत्ते खेळायला येत होते.

मुश्ताकला विचारलं. दोन दिवसांनी उत्तर आलं:
"एकसष्ट बंदीचे.
एक वरचा, वारा पडला नाही तर."

बासष्ट परत लिहिलं.
वर एक ओळ टाकली, मराठीत, माझ्यानंतर येईल त्याच्यासाठी:
हा आकडा दर्याचा आहे.

आता रोज सकाळी पत्र उघडते.
बहुतेक वेळा त्यात काही नसतं.
तरी शेवटपर्यंत वाचते.