तिसरं पीस

दिवसभर मी प्रबंध बांधतो. मरून रेक्झिन, सोनेरी अक्षरं:
भूजल, कांद्याची साठवणूक, कुणाचं तरी व्याकरण.
मार्चमध्ये विद्यापीठाला सगळंच कालच हवं असतं.
साडेनऊला शटर अर्धं ओढलं
की कृत्तिका बाणांची नळी टेबलावर पालथी करते.
बारा बाण. पाचांची पिसं गेलेली.

चिकटवण्याशी माझी तीस वर्षांची ओळख.
खळ, सरस, फेव्हिकॉल, कुठला कागद कशावर रुसतो
ते बोटांना आधी कळतं, मला नंतर.
पण कार्बनची काडी मला परकी.
पहिल्या खेपेला जुना गोंद कटरने खरवडला,
तर धायगुडे सर फोनवरच ओरडले,
"अहो जीनगर, तासताय काय! तंतू उसवला
तर पोरीच्या हातात फुटेल बाण."
तेव्हापासून अ‍ॅसिटोन आणि जुन्या बनियनची चिंधी.
हलक्या हाताने. बाळाचं नाक पुसावं तसं.

आधी ती बांबूच्या धनुष्यावर होती.
तेव्हा खरी पिसं लागायची. मी शुक्रवार पेठेतला माणूस,
खिडकीतली कबुतरं काय फुकट बसतात?
सहा पिसं गोळा केली, कापली, लावली.
बाण दहा मीटरवर
रुसलेल्या व्याह्यासारखा तोंड फिरवून पडला.
मग पार्सलने टर्कीची आली, आणि नवा कायदा:
एका बाणावर तिन्ही पिसं एकाच बाजूच्या पंखाची.
डावं-उजवं मिसळायचं नाही.
मी म्हटलं, पक्ष्याला तर दोन्ही लागतात.
"बाण पक्षी नाही, बाबा."
गवतातल्या दवाने पिसं दबली
की चहाच्या वाफेवर धरायचो. ताठ व्हायची.
चहाला आठवडाभर कोंबडीचा वास.

आता प्लास्टिकची. वाफ नको, वास नको,
फक्त रंगावरून दोन दिवस भांडण.
मला तपकिरी आवडलेली, चामड्यासारखी.
"आणि गवतात शोधणार कोण? तुम्ही?"
शेवटी दोन पोपटी, एक केशरी.
केशरी खाचेच्या काटकोनात, ते दोरीपासून लांब राहतं;
बाकीची दोन एकशे वीस अंशांवर.
एक थेंब पुढच्या टोकाला, एक मागच्या.
मग साचा दाबून साठ आकडे मोजायचे.
मी मोजतो. ती मोबाईल बघते.

निवड चार गुणांनी हुकली त्या रात्री
ती म्हणाली, "आज मी लावते."

मी बाजूला झालो.
सहाव्या बाणावर तिसरं पीस तिरकं बसलं.
अर्ध्या मिलिमीटरचा वाकडेपणा
मला पलीकडच्या फूटपाथवरून दिसतो,
पोट त्यावर भरतं.
हाडाची पट्टी उचलली, परत ठेवली.
गोंद ओला होता तोवर जीभ दाताखाली धरली.
मग सुकला.

रविवारी हडपसरच्या मैदानात, सत्तर मीटर.
पाच बाण पिवळ्या-लालात.
सहावा पांढऱ्यात, अगदी काठावर.
तिने मागे वळून पाहिलं नाही.
बाण उपटून आणला, पेनने काडीवर ६ लिहिलं,
आणि नळीत उलटा खोचला.

रात्री तिने ते पीस उपटलं, जरा जोरातच.
तेव्हा मी भूजलाच्या तिसऱ्या प्रतीला
अस्तराचा कागद लावत होतो. पंखा चालू होता.
केशरी तुकडा उडाला, सांध्यात पडला,
आणि मी पुठ्ठा मिटून प्रेसचं चाक फिरवलेलं.

सकाळी उघडलं, तर सुकून एकजीव.
काढलं तर कागद फाटणार.
आणि चष्मेवाला पोरगा दारात,
स्कूटर चालूच, "काका, झालं ना?"
झालं, म्हटलं.

गणेशखिंडीकडे गेला तो.
कुठल्यातरी कपाटात उभी असेल आता ती प्रत.
उघडलीच कुणी, तर शेवटच्या पानाआड
भूजलाशी काही संबंध नसलेलं
एक केशरी टोक, जरासं तिरकं.